एक रुपयाचे छायाचित्र

पेणहून रोह्याकडे जाणारी आगगाडी नागोठणे मागे टाकते आणि थोड्याच वेळात निडी नावाच्या लहानशा स्थानकाशी येते. या पट्ट्यातील जुन्या घरांच्या भिंतींवरच्या तसबिरी पाहिल्या, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. नोकरीसाठी मुंबईस गेलेल्या कर्त्या पुरुषाचे छायाचित्र तेथे असते. लग्नाच्या सुमारास स्टुडिओत काढलेले जोडप्याचे छायाचित्रही असते. त्यात नवरा खुर्चीवर बसलेला आणि बायको बाजूला ताठ उभी. परंतु दुपारची जेवणे उरकल्यावर ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या, एकमेकींची वेणी घालणाऱ्या, पापड लाटता लाटता सुखदुःखे सांगणाऱ्या बायकांचे छायाचित्र क्वचितच आढळते. पेणच्या पापडांची ख्याती दूरवर पोहोचली. ते लाटणाऱ्या हातांच्या सोबतीचे चित्र मात्र भिंतीवर आले नाही.

हे केवळ कॅमेऱ्याच्या दुर्मिळतेमुळे घडले, असे म्हणता येणार नाही. समाज ज्याला मोल देतो त्याचीच नोंद ठेवतो. गृहिणीचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरले जात नाहीत, ही विसंगती इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने आपले घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशी विवाह केला, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटते. छायाचित्रांचा हिशेबही बराचसा असाच राहिला. जे दरबारात, सभेत वा रणांगणात घडले ते टिपण्याजोगे ठरले. जे माजघरात आणि मैत्रिणींच्या घोळक्यात घडले ते नोंदीबाहेर राहिले. भारतातील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्या होमाय व्यारावाला यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. दिल्लीतील सत्तांतराची त्यांची छायाचित्रे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या कलेचा उगम दिल्लीत नव्हे, मुंबईतील स्त्रियांच्या निवांत सहवासात होता, ही गोष्ट तितकीशी लक्षात घेतली जात नाही.

मुंबईला छायाचित्रणाची कला फार लवकर अवगत झाली. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्ग निघाला. तथापि त्या काळी भिंगापुढे येणारी एतद्देशीय स्त्री बहुधा एखाद्या जातीचा वा जमातीचा नमुना म्हणून येई. विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील माणसांचे पोशाख दिसतात, दागिने दिसतात. परंतु त्यांचे आपापसांतले नाते दिसत नाही. पुढे सधन घरांतील स्त्रियांसाठी पडद्याआड स्टुडिओ निघाले. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत असा एक जनाना स्टुडिओ उघडून तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. कॅमेऱ्यामागे बाई असली तर पुढची बाई मोकळी होते, हे व्यवसायाला तेव्हाच उमगले होते.

विलायतेत याचा प्रत्यय त्याआधीच आला होता. लेडी क्लेमेंटिना हॉवर्डन या उमराव घराण्यातील स्त्रीने १८५७ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला आणि लंडनमधील आपल्या घराच्या खोल्यांत, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, स्वतःच्या मुलींची शेकडो छायाचित्रे काढली. आरशापाशी उभी असलेली मुलगी, एकमेकींना बिलगलेल्या दोघी बहिणी, असे त्यांचे विषय. छायाचित्रण ही ललित कला ठरू शकते, हे त्या शांत खोल्यांनी सिद्ध केले. १८६५ मध्ये वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी त्या निवर्तल्या. १९३९ मध्ये त्यांच्या नातीने साडेसातशेहून अधिक छायाचित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिली. अल्बममधून उपटून काढल्यामुळे त्यांपैकी कित्येकांचे कोपरे फाटलेले होते. घरगुती म्हणून गणलेल्या कलेच्या वाट्याला जे येते, त्याची खूण त्या फाटक्या कोपऱ्यांवर कायम राहिली आहे.

होमाय यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातेत नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील फिरत्या नाटक मंडळीत होते. घरची परिस्थिती बेताची होती. मुंबईत बालपण गेले तेही वारंवार बिऱ्हाडे बदलत. मुलीने शिकावे, हा आईचा आग्रह होता. मॅट्रिकच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. पुढे मुंबई विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी त्यांनी घेतली आणि चित्रकलेच्या शिक्षणासाठी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश केला. वयाच्या तेराव्या वर्षी माणेकशा व्यारावाला या तरुणाशी त्यांची ओळख झाली होती. माणेकशा यांना छायाचित्रणाचा नाद होता. कॅमेरा कसा धरावा, अंधाऱ्या खोलीत कागद कसा धुवावा, ही विद्या होमाय यांनी त्यांच्यापासून उचलली. कलाशाळेने मात्र त्यांना दुसरी गोष्ट दिली, ती म्हणजे रचनेची नजर. प्रकाश कोठून येतो, रिकामी जागा किती सोडावी, आकृती चौकटीत कोठे बसवावी, हे चित्रकाराचे प्रश्न घेऊन त्या छायाचित्रणाकडे वळल्या.

कलाशाळेत त्यांच्या भोवती मुलींचा घोळका होता. घराबाहेर पडून मुलांच्या बरोबरीने चित्रकला आणि शिल्पकला शिकणारी ही मुंबईतील तरुण मुलींची नवी पिढी. होमाय यांनी कॅमेरा रोखला तो प्रथम या मैत्रिणींवर. त्यांच्या एका वर्गमैत्रिणीची त्या काळातील छायाचित्रे आज नामवंत संग्रहांत मानाने जपली जातात. ती पाहताना एक वेगळेपण जाणवते. ही तरुणी कोणाला दाखवण्यासाठी नटून बसलेली नाही. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, कुंडी, गालिचा यांपैकी काहीच तेथे नाही. ती आपल्याच विचारांत आहे आणि कॅमेऱ्यामागे जी आहे तिच्यापासून काही लपवण्याचे तिला कारण नाही. परक्या पुरुषापुढे जी अवघडलेली ताठरता येते, ती येथे मावळली आहे. या सहजतेमागे छायाचित्रकाराचे कसब आहे यात शंका नाही. पण तेवढेच नाही. ती मैत्रीचीही कमाई आहे.

यानंतर अर्थार्जनाचा प्रश्न आला. १९३८ च्या सुमारास मुंबईतील एका महिला क्लबच्या सहलीची छायाचित्रे त्यांनी काढली आणि ती बॉम्बे क्रॉनिकल या दैनिकात छापून आली. प्रत्येक छायाचित्रास एक रुपया मोबदला मिळाला. संसारातून दिवसभराची सवड काढून बायका एकत्र जमल्या, मोकळ्या हवेत बसल्या, हसल्या. एवढाच त्या प्रसंगाचा ऐवज. त्यात पुढारी नव्हता की ठराव नव्हता. भारतातील एका मोठ्या वृत्तछायाचित्रकाराच्या कारकिर्दीचा आरंभ असा स्त्रियांच्या विरंगुळ्याने झाला. हा आरंभ बहुधा कौतुकाची एक आठवण म्हणून सांगितला जातो आणि चरित्रकार लगबगीने लाल किल्ल्याकडे निघतात. वास्तविक त्या एका रुपयाने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली होती. बायकांचा आपापसांतील आनंद ही वर्तमानपत्राच्या पानावर छापण्याजोगी, किंमत देण्याजोगी वस्तू आहे, ही ती गोष्ट.

किंमत मिळाली, पण नाव मिळाले नाही. आरंभीच्या वर्षांत होमाय यांची छायाचित्रे माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत. एका अपरिचित बाईच्या नावाला संपादकीय कचेरीत वजन नव्हते, हे त्याचे कारण. यात पतीने पत्नीचे श्रेय हिरावले, असा सरळ आरोप करणे अन्यायाचे होईल. माणेकशा हेच त्यांचे पहिले गुरू होते, कामातले भागीदार होते आणि पत्नीने काढलेली छायाचित्रे धुण्याछापण्याचे काम पुढे पुष्कळ वर्षे त्यांनीच पाहिले. त्या काळात नवऱ्याने बायकोच्या व्यवसायाचा असा भार उचलणे ही सामान्य गोष्ट नव्हती. दोष व्यवस्थेचा होता. घरातील श्रम कुटुंबाच्या नावावर जमा होतात आणि कुटुंबाचे नाव म्हणजे पुरुषाचे नाव, हा शेतीत, दुकानात आणि विणकामात चालत आलेला संकेत येथे छायाचित्रणालाही लागू झाला, इतकेच. भाताच्या लावणीत बाईचा हात अर्ध्याहून अधिक चालतो, पण सातबाऱ्यावर तिचे नाव शोधावे लागते. त्यातलाच हा प्रकार.

१९४१ मध्ये विवाह झाला. युद्धकाळात इलस्ट्रेटेड वीकली या साप्ताहिकाने त्यांची मुंबईच्या जनजीवनावरील छायाचित्रे छापली. १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती सेवेच्या कामासाठी हे दांपत्य दिल्लीस गेले आणि होमाय यांच्या कारकिर्दीचे दुसरे पर्व सुरू झाले. पुढील अठ्ठावीस वर्षे दिल्लीतील जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रसंगी साडी नेसलेली, खांद्यावर अवजड सामान वागवणारी ही एकटी बाई पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दीत उभी असे. १९४७ च्या जूनमधील फाळणीच्या निर्णयाची काँग्रेस नेत्यांची बैठक, त्याच वर्षी १६ ऑगस्टला लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, माउंटबॅटन यांचे प्रस्थान, महात्मा गांधींची अंत्ययात्रा, १९५६ मध्ये नथू ला खिंडीतून भारतात आलेले दलाई लामा, हे सारे त्यांच्या भिंगाने पाहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या बिर्ला भवनाकडे जाण्यास निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जावे म्हणून पतीने त्यांना परत बोलावले. त्या संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. ती चुकामूक त्यांच्या मनाला जन्मभर लागून राहिली.

या काळात त्या डालडा १३ या टोपणनावाने ओळखल्या जात. जन्म १९१३ चा, पतीची भेट तेराव्या वर्षी आणि मोटारीचा क्रमांक डीएलडी १३, अशी त्या नावाची गमतीदार उपपत्ती. त्या गमतीतही एक विषाद दडलेला आहे. प्रथम नवऱ्याचे नाव, मग वनस्पती तुपाच्या डब्याची आठवण करून देणारे टोपणनाव; स्वतःच्या नावापर्यंत पोहोचायला या स्त्रीला बराच लांबचा रस्ता चालावा लागला.

तरीही दिल्लीतील त्यांचे काम नुसत्या राजकीय प्रसंगांचे दप्तर झाले नाही. मुंबईत मैत्रिणींच्या घोळक्यात घडलेली नजर तेथेही कामी आली. पालम विमानतळावर पंडित नेहरू आपली बहीण विजयालक्ष्मी पंडित यांची वाट पाहत उभे आहेत आणि शेजारी छायाचित्रे काढण्यास मनाई असल्याचा फलक आहे, हे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यानंतरच्या भेटीत बहिणीला कवटाळणारे नेहरूही त्यांनीच टिपले. एक पंतप्रधान, दुसरी परराष्ट्रात देशाची वकील. परंतु चित्रात उरतात ते भाऊ आणि बहीण. माहेरी आलेल्या बहिणीची ही भेट निडीच्या फलाटावर किंवा रोह्याच्या एस. टी. स्थानकावर जशी घडते, तशीच येथे घडली आहे. सत्तेच्या माणसांतही घरगुती क्षण शोधावा, माणूस सावध होण्यापूर्वीच्या किंवा त्याची सावधगिरी सुटल्यानंतरच्या निमिषाची वाट पाहावी, ही होमाय यांची पद्धत. मांडून बसवलेल्या छायाचित्रांची त्यांना आवड नव्हती. माणसाची प्रतिष्ठा न बिघडवता त्याला नकळत पाहणे हे बायकांच्या जगात वाढलेल्या डोळ्याला जमते. तेथे बोलण्याइतकेच न बोलता समजून घेण्याला महत्त्व असते.

बाईला कोणी गंभीरपणे घेत नाही, याचा त्यांना उपसर्ग झाला, तसा उपयोगही झाला. साडीतल्या या बाईकडून कोणाला काही अपाय होईल असे वाटत नसे; म्हणून ती जवळ जाऊ शके. ज्या उपेक्षेने नाव नाकारले, तिनेच प्रवेश दिला. हा व्यवहार न्याय्य नव्हता. पण हाती आलेल्या तोट्यातून भांडवल उभे करण्याचे कौशल्य त्यांनी दाखवले, हे मान्य करावे लागेल.

१९६४ मध्ये नेहरू गेले. १९६९ मध्ये माणेकशा यांचे निधन झाले. त्याच सुमारास छायाचित्रकारांची नवी पिढी धक्काबुक्कीने आणि असभ्यपणाने वावरू लागली, असे होमाय यांना वाटू लागले. १९७० मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो जवळजवळ कायमचाच. त्या मुलाबरोबर पिलानीस गेल्या आणि १९८२ मध्ये बडोद्यास स्थायिक झाल्या. १९८९ मध्ये कर्करोगाने मुलाचाही मृत्यू झाला. त्यानंतरची दोन तपे त्या एकट्या राहिल्या. बागेची निगा, सुतारकाम, घरातील लहानसहान दुरुस्त्या त्या स्वतः करीत. ज्यांनी राष्ट्राचा जन्म टिपला त्या या बाई आहेत, याची जाणीव फार थोड्यांना होती.

विस्मरणातून त्यांना बाहेर काढले तेही स्त्रियांच्या सोबतीनेच. छायालेखिका आणि अभ्यासक सबीना गडीहोके यांनी १९९८ मध्ये तीन स्त्रिया आणि एक कॅमेरा अशा अर्थाच्या शीर्षकाचा अनुबोधपट काढला. त्यात होमाय यांच्याबरोबर शीबा छाछी आणि दयानिता सिंग या दोन धाकट्या छायाचित्रकार होत्या. दयानिता सिंग यांनी पुढे भारतीय घरांच्या अंतर्भागाची, कुटुंबांची आणि रिकाम्या खोल्यांची छायाचित्रे काढून जगभर कीर्ती मिळवली. त्यांच्या आई नोनी सिंग यांनी बहिणींची आणि मुलींची घरगुती छायाचित्रे वर्षानुवर्षे काढून जपली होती. त्यांचाही ग्रंथ २०१३ मध्ये निघाला. कलाशाळेतल्या मैत्रिणींपासून निघालेली वाट अशी पुढच्या पिढ्यांच्या घरात पोहोचली. २००६ मध्ये गडीहोके यांनी होमाय यांचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले. छायाचित्रांचा संग्रह अल्काझी प्रतिष्ठानाकडे जतनासाठी गेला. २०१० मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि २०११ मध्ये पद्मविभूषण हा किताब त्यांना मिळाला. १५ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णव्या वर्षी, बडोद्यात त्यांनी जगाचा निरोप घेतला.

या गौरवातही तोल एकाच बाजूला राहिला. लाल किल्ला, माउंटबॅटन, नेहरू यांची छायाचित्रे पुनःपुन्हा छापली जातात. महिला क्लबच्या सहलीची आणि कलाशाळेतल्या मैत्रिणींची छायाचित्रे मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाहीत. ध्वजारोहणाचे छायाचित्र त्या दिवशी तेथे असलेल्या दुसऱ्या कोणीही काढले असते, किंबहुना अनेकांनी काढलेही. मैत्रिणींमध्ये बसलेली ती तरुणी तशी दुसऱ्या कोणाला दिसलीच नसती. जे दुर्मिळ ते मोलाचे, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा येथे उलटा गिरवला गेला आहे.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. निडीच्या ओटीवरचे हसणेही कोणाच्या तरी भ्रमणध्वनीत साठत असेल. परंतु साठणे म्हणजे जतन होणे नव्हे. दुसरीकडे जुन्या ट्रंकांतील छायाचित्रे कोकणातील पावसाळ्याच्या ओलीने एकमेकांना चिकटत आहेत. घराची वाटणी होते तेव्हा भांड्यांची यादी होते, छायाचित्रांची होत नाही. आजी गेली की तिच्या शेजारी बसलेली मैत्रीण कोण, हे सांगणारे कोणी उरत नाही. मग ते छायाचित्र निनावी होते आणि निनावी वस्तू टाकून देण्यास कोणाचा हात अडखळत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. शाळामहाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या घरची जुनी छायाचित्रे बाहेर काढावीत, घरातील वृद्ध स्त्रियांपाशी बसावे आणि प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने साल, गाव, त्यातल्या बायकांची नावे आणि ते काढणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. शिक्षकांनी हे काम इतिहासाच्या वा अर्थशास्त्राच्या प्रकल्पाचा भाग मानावे. होमाय व्यारावाला यांना स्वतःच्या कामावर स्वतःचे नाव लागण्यासाठी कित्येक वर्षे थांबावे लागले. त्यांचे स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग नाही, की ज्या बायकांची नावे कोठेच लागली नाहीत, त्यांची ती सांगणारे कोणी हयात आहे तोवर लिहून घ्यावीत.